लाइट आल्यावर दहा मिनिटं

सोमवार, २१ जानेवारी २००२

बाबांनी वणीहून बँकेची डायरी पाठवली आहे. आत चिठ्ठी: 'कोणाशी बोलत नसशील तर निदान लिहीत जा.' बाबांना कसं कळतं कोण जाणे. फोनवर तर मी दर रविवारी 'मजेत आहे' असंच सांगते.

तर, उत्कर्षा, वय एकतीस, मूळ वणी, जिल्हा यवतमाळ. मुक्काम बिबवेवाडी, इंदुबाईंच्या वरच्या खोलीत. नोकरी नारायण पेठेत, रंगनाथ सरांच्या नऊ माणसांच्या कंपनीत. आम्ही भुईकाट्यांसाठी कार्ड बनवतो. भरलेला ट्रक काट्यावर उभा राहतो आणि आमचं कार्ड त्याचं वजन कॉम्प्युटरला सांगतं. कार्डाच्या पोटात त्याचा स्वतःचा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो सुधारला की करीमचाचा आपल्या एम-एटी गाडीवर बसून अकरा काट्यांवर जातात, कार्ड उघडतात, जुनी चिप काढून नवी बसवतात. एका फेरीला आठवडा जातो.

ही फेरी बंद करायची, असं सरांनी आज सांगितलं. कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्या मधला दुभाषी प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मीच लिहिलेला आहे; तो कर्नलमध्ये, सिस्टिमच्या गाभ्यात, बसतो. आता त्यानेच मशीन सुरू होताना बघायचं की कार्डातला प्रोग्राम जुना आहे का, आणि असला तर तिथल्या तिथे नवा भरायचा. त्यासाठी चाचा नवीन जातीची कार्डं बसवून येतील, ज्यांत चिप न काढता पुन्हा लिहिता येतं. ती शेवटची फेरी.

मला असं काम आवडतं. त्यात माणसं नसतात.

चाचा सत्तावन्न वर्षांचे आहेत. भोसरीतली त्यांची रेडिओची कंपनी बंद पडल्यावर सरांकडे आले. चार वाजता फेरीहून परतले की माझ्या टेबलाशी स्टूल ओढतात, डब्यात उरलेलं माझ्यापुढे सरकवतात, अर्धा चहा बशीत ओतून कप मला देतात आणि काट्यांवरच्या गोष्टी सांगतात. कामाशिवाय माझ्याशी बोलणारे ते ऑफिसात एकटेच. बाकीच्यांना मी तुसडी वाटते. आहेच मी.

गुरुवार, २४ जानेवारी

विसरलेली फ्लॉपी न्यायला दुपारी घरी आले. गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली सकाळपासून लाइट नसते. ऑफिसला इन्व्हर्टर असल्यामुळे मला त्याचा पत्ताही लागत नाही. घरी आले तेव्हा शेजारचे पंखे फिरत होते, आमच्याकडे सगळं ठप्प. इंदुबाई मेन स्विचखाली घड्याळ घेऊन उभ्या.

"काकू, लाइट आलीय."

"आलीय. राहतेय का ते बघू दे."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. फ्रिज आमचा आहे, घाई तुमची आहे."

दर गुरुवारी हा विधी असतो म्हणे. एकविसाव्या शतकात एक बाई शकुन बघितल्यासारखी विजेची वाट बघते. कोमट पाणी पिऊन परत गेले.

शनिवार, ९ फेब्रुवारी

झालं! ड्रायव्हरने आज स्वतःहून कार्डात नवा प्रोग्राम भरला. चाळीस सेकंद लागतात. मशीन बंद, सुरू, बंद, सुरू, असं दोनशे वेळा केलं आणि दोनशे वेळा बरोबर. सर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना बाकरवडी मागवली, आणि सर असं वर्षातून एकदाच करतात.

चाचा माझ्या मागे उभे राहून पडद्यावरचे आकडे सरकताना बघत होते.

"म्हणजे तिथे कोणी जायला नको?"

"कोणीच नको. इथून सोमवारी मॉडेमवरून फाइल पाठवायची. तिथलं मशीन पुढच्या वेळी बंद होऊन सुरू झालं की काम आपोआप होतं."

"वा," चाचा म्हणाले. "मग मी आता काय करू?"

मी म्हटलं, "आराम करा."

ते हसले. चांगला जोक झाला, असं तेव्हा वाटलं होतं. घरी येताना बसमध्ये तो मला तितका चांगला वाटेना.

सोमवार, १८ फेब्रुवारी

नवी कार्डं बसवायची चाचांची शेवटची फेरी मागच्या आठवड्यात आटोपली. आज फर्मवेअरची १.३ आवृत्ती खुर्चीत बसून अकराही काट्यांवर पाठवली. वीस मिनिटं लागली. पूर्वीचा एक आठवडा.

चाचा अकरा वाजता येतात, जिन्याजवळच्या बाकावर बसतात, जुनी कार्डं पुसतात. फेरी नाही म्हणून गोष्टीही नाहीत. आज चार वाजता आले, स्टूल ओढलं. मग त्यांनी विचारलं, वणीला थंडी किती असते. मी सांगितलं. चहा संपला.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

दोन कार्डं मेली. एक मार्केट यार्डातलं, एक हडपसरचं. काल दुपारपासून कॉम्प्युटरला कार्ड दिसतच नाही. चाचा जाऊन जुनी कार्डं लावून आले, खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग होता. मेलेली कार्डं मी तपासली. चिपमध्ये मजकूर अर्धवट आहे, अर्धा जुना आणि अर्धा नवा.

सर म्हणाले, बसवताना अंगातल्या स्थिर विजेचा झटका बसला असेल, चिप अधू झाली की असं होतं. मला ते पटलं. म्हणजे मी ते पटवून घेतलं.

शुक्रवार, ८ मार्च

सोमवारी १.४ पाठवली. काल आणखी तीन कार्डं गेली.

ड्रायव्हर पुन्हा शंभर वेळा चालवला. एकदाही चुकला नाही. माझ्या टेबलावर एकही कार्ड मरत नाही. बाहेर मात्र मरतात. टेबल आणि बाहेर यांत फरक कशाचा? कार्ड तेच, मशीन तेच, ड्रायव्हर तोच. फक्त बसवणारा हात वेगळा.

असा विचार करायला नको होता. पण एकदा आला की जात नाही. मागच्या आठवड्यात चाचा स्क्रू लावत होते तेव्हा त्यांचा हात थरथरत होता, हे मी पाहिलं आहे. चष्म्याचा नंबरही वाढला आहे. त्यांनीच सांगितलं होतं.

सोमवार, ११ मार्च

१.५ पाठवली, काळजीपूर्वक. चार वाजता चाचा आले. आज स्टूल ओढलं नाही, उभेच राहिले.

"बेटी, एक विचारू? तुझी फाइल सोमवारी जाते. मग कार्ड गुरुवारीच का मरतं?"

"योगायोग."

"दोन्ही वेळा?"

"चाचा, मशीन ज्या दिवशी बंद होऊन सुरू होतं त्या दिवशी फाइल भरली जाते. काट्यांची मशिनं रात्रंदिवस चालू असतात. गुरुवारी लाइट जाते, म्हणून गुरुवारी. त्यात काही गूढ नाही."

"तेच म्हणतोय मी. गुरुवारी लाइट जाते."

"जाते. मग परत येते. मशीन सुरू होतं. दोनशे वेळा केलंय मी हे."

"इथे केलंस," चाचा म्हणाले.

मी मान वळवून पडद्याकडे बघायला लागले. कोणी माझ्या कामात बोट घातलं की मी अशीच वागते, आईही म्हणायची. चाचा गेले.

शनिवार, १६ मार्च

आणखी दोन मेली. एकूण सात.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार नीट लागत नाही ते. म्हणाले, "मला एका वाक्यात सांग. ड्रायव्हरमध्ये काही असू शकेल?"

"नाही सर. ड्रायव्हर स्वच्छ आहे."

"म्हणजे हात."

मी काही बोलले नाही. गप्प राहणं हेही उत्तर असतं, हे मला चांगलं कळतं.

बाहेर आले तर दाराशी चाचा उभे होते. हातात आणलेली दोन मेलेली कार्डं. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि आत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले, बाकाखालची हत्यारांची पेटी उचलली. माझ्या टेबलाकडे आले, एक लांबट वही माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाले, "काट्यांची आहे. लागेल तुला."

त्यांच्या फेऱ्यांची हजेरी असेल. आता ती कशाला लागायची?

आज चार वाजता मी चहा घेतला नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

पोपटने, नव्या टेक्निशियनने, अकराही कार्डं पुन्हा नीट बसवली. सोमवारी १.६ पाठवली. काल गुरुवार होता. आज एकही फोन आला नाही.

आकडे समोर आहेत. चाचा असताना तीन वेळा फाइल गेली आणि सात कार्डं मेली. चाचा गेल्यावर शून्य. आकडे खोटं बोलत नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाजही वाटली. पण जे आहे ते आहे.

सरांनी सगळ्या काट्यांना लेटरहेडवर पत्र पाठवलं: 'आमचे माजी कर्मचारी श्री. करीम यांच्या सदोष हाताळणीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' नाव घालायची गरज नव्हती, असं मला वाटलं. वाटलं, म्हटलं नाही.

मार्केट यार्डातल्या रंगराव आडत्याचा तेवढा एक फोन. "मॅडम, लाइट आली तरी काटा लगेच चालू होत नाही. गाड्या खोळंबतात. तुमचं मशीन म्हातारं झालं काय?" मी सांगितलं, मशिनाचा दोष नाही, तुमच्या माणसांना सांगा. फोन ठेवल्यावर वाटलं, आळशी ऑपरेटर आणि वर तक्रार.

रविवार, ७ एप्रिल

बाबांचा फोन. "काहून वं, आवाज असा काहून येऊन राहिला?"

"सर्दी आहे."

"ते तुझे चाचा काय म्हन्तात?"

मी बाबांना चाचांबद्दल इतकं सांगितलं होतं, हे माझ्या लक्षात नव्हतं. म्हटलं, बरे आहेत. नंतर खोलीत बसून राहिले. दिवसभरात बाबा सोडून कोणाशी बोलले याचा हिशेब केला. खाली इंदुबाईंना 'दूध आलं का' एवढं एक.

गुरुवार, १८ एप्रिल

खोटी सर्दी खरी झाली. अंगात ताप, म्हणून घरी. सकाळी नऊला लाइट गेली. खोली तापली तशी खाली इंदुबाईंच्या फरशीवर येऊन पडले. त्यांनी न विचारता कांद्याचा काप तळपायाला चोळला आणि म्हणाल्या, "भाडेकरू मेला तर पोलिसांना मलाच उत्तर द्यावं लागेल." हे त्यांचं प्रेम.

दोनच्या सुमारास शेजारचा रेडिओ अचानक ओरडला. लाइट आली होती. इंदुबाई घड्याळ घेऊन मेन स्विचखाली. मी पडल्या पडल्या बघत होते.

रेडिओ बंद पडला.

"गेली," इंदुबाई म्हणाल्या, जशी काही पाहुणी उंबऱ्यातून परत गेली.

पुन्हा रेडिओ. पुन्हा बंद. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा आवाज, आणि तो टिकला.

"आता सगळ्या गावाने एकदम पंखे, मोटारी, फ्रिज लावले की ती दमते," इंदुबाई म्हणाल्या. "दोनदा तरी येऊन जातेच. माझा पहिला फ्रिज असाच जळाला. तेव्हापासून दहा मिनिटं."

मी उठून बसले. पहिल्यांदा लाइट किती वेळ टिकली? मी मनात मोजलं होतं, सवयीने. तीस सेकंद असेल. माझ्या ड्रायव्हरला चाळीस लागतात.

काट्यांवर यूपीएस असतो, छोटे झटके तो झेलतो. पण पाच तास लाइट नसली की त्याची बॅटरी कोरडी होते. लाइट परत येते नेमक्या त्या क्षणी त्याच्यात काही नसतं. आणि माझा ड्रायव्हर नेमका त्याच क्षणी जागा होतो आणि कार्डाचं पोट फाडून बसतो. अर्धं लिहून होतं, लाइट जाते. अर्धा जुना, अर्धा नवा. हे मी फेब्रुवारीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आठवड्याच्या एकशे अडुसष्ट तासांमधून मी सगळ्यात वाईट चाळीस सेकंद निवडले. ऑफिसच्या इन्व्हर्टरवर दोनशे वेळा काय, दोन हजार वेळा केलं असतं तरी कळलं नसतं.

'इथे केलंस,' चाचा म्हणाले होते.

इंदुबाई म्हणाल्या, "ताप उतरला वाटतं. रडू नका, पंखा लावलाय."

शुक्रवार, १९ एप्रिल

ताप असतानाच ऑफिसला गेले. ड्रॉवर उघडला. पाच आठवडे ती वही माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती.

हजेरी नव्हती ती. चाचांचं अक्षर, बारीक, मराठीत. प्रत्येक काट्याला एक पान. वर ऑपरेटरचं नाव, चहा बिनसाखरेचा की गोड. खाली गुरुवारच्या ओळी. 'मांजरी. आली १.१०. गेली १.११. आली १.१४. टिकली.' 'हडपसर. आली २.०५. गेली. आली. गेली. टिकली २.१५.' अशी चार वर्षं. चिप बदलून तपासताना लाइट मधेच जाऊ नये म्हणून त्यांना हे माहीत असावं लागायचं. लाइट टिकल्याशिवाय ते कार्ड उघडतच नसत.

शेवटच्या पानावर वेगळ्या शाईत: 'फाइल सोमवार. मरण गुरुवार. लाइट टिकायच्या आधी भरते का, उत्कर्षाला विचारणे.' त्यापुढे बरोबरची खूण. विचारून झालं होतं.

एकच गोष्ट जुळत नाही. मग १.६ च्या वेळी एकही कार्ड का मेलं नाही? लाइट तर तशीच गेली आणि तशीच आली असेल. हे कोडं सुटेपर्यंत गप्प राहावं, असं क्षणभर वाटलं. मग स्वतःचीच किळस आली.

शनिवार, २० एप्रिल

सरांना सगळं सांगितलं. वही दाखवली. सर शेवटपर्यंत ऐकत होते. मग चष्मा पुसला.

"दुरुस्त होईल?"

"हो. मशीन सुरू झाल्यावर ड्रायव्हर दहा मिनिटं थांबेल. आणि जुना प्रोग्राम शाबूत ठेवून नवा त्याच्या शेजारी लिहील."

"मग कर. विषय संपला."

"आणि चाचा? आपण सगळ्यांना पत्र पाठवलंय सर. त्यांना आता कोणत्याच काट्यावर उभं करणार नाहीत. दुसरं पत्र पाठवायला हवं."

"काय लिहायचं त्यात? आमची इंजिनीअर चुकली आणि आम्ही म्हाताऱ्याला काढलं? उत्कर्षा मॅडम, प्रामाणिकपणा तुमचा आहे, लेटरहेड माझं आहे."

मी म्हटलं, मग साध्या कागदावर लिहिते. सर म्हणाले, कागद तुमचा, वेळ तुमची, आणि रजाही बिनपगारी.

रविवार, २१ एप्रिल

घोरपडे पेठेत चाचांचं घर शोधलं. चार वर्षांत एकदाही गेले नव्हते. त्यांच्या मुलीने, रुमानाने, दार उघडलं आणि आत वळून म्हणाली, "अब्बा, ऑफिसच्या मॅडम आल्यात."

चाचा जमिनीवर बसून कोणाचा तरी मिक्सर उघडत होते. हात अजिबात थरथरत नव्हता. मग तेव्हा का थरथरत होता? बहुतेक कोणी पाठीमागे उभं राहून बघत असेल. मीच.

"या मॅडम," ते म्हणाले. "बसा."

चार वर्षांत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. रुमानाने शोकेसमधले कप काढून चहा आणला. पाहुण्यांचे कप. चाचांनी आपला पूर्ण चहा स्वतःच प्यायला.

"चूक माझी होती, चाचा. लाइट टिकायच्या आधीच ड्रायव्हर लिहायला बसत होता."

"माहीत आहे."

"सरांना काल सांगितलं. ते पत्र मागे घ्यायला तयार नाहीत."

"राहू द्या. चाळीस वर्षं नोकरी केली, नाव पहिल्यांदाच छापून आलं."

"तुम्ही तेव्हा सरांना का नाही सांगितलंत?"

चाचांनी मिक्सरचं भांडं बाजूला ठेवलं. "तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही इंजिनीअर. मग मी दाराबाहेर उभा होतो, आणि तुम्ही म्हणालात, स्वच्छ आहे. त्यावर मी काय बोलायचं?"

मी माफी मागितली. ते "चहा निवला," एवढंच म्हणाले. १.६ चं कोडं विचारायचं सुचलंच नाही.

निघताना विचारलं, "पुन्हा येऊ का?"

"कामाचं असेल तर फोन करा."

घोरपडे पेठेतून बिबवेवाडीपर्यंत चालत आले. एवढ्या मोठ्या शहरात माझं एकच माणूस होतं आणि त्याला मी एका वाक्यात घालवलं.

बुधवार, २४ एप्रिल

नवा ड्रायव्हर काल सकाळी मॉडेमवरून अकराही मशिनांत बसवला. आता तो दहा मिनिटं थांबतो. मग साध्या कागदाच्या अकरा प्रती घेऊन निघाले. 'फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद पडलेल्या सात कार्डांचा दोष माझ्या प्रोग्रामचा होता. श्री. करीम यांच्या हातून कोणतीही चूक झालेली नाही. ही गोष्ट त्यांनी मला आधीच सांगितली होती, मी ऐकली नाही.' खाली माझी सही.

काल आणि आज मिळून नऊ काटे झाले. कोणालाच फारशी उत्सुकता दिसली नाही. भोसरीचा ऑपरेटर म्हणाला, "काटा चालू आहे ना मॅडम, मग झालं." एकाने कागद चहाच्या पेल्याखाली ठेवला.

दहावा मांजरीचा. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे सळईचे सांगाडे. ऑपरेटर दत्तोबा. वहीत लिहिलं होतं, 'गोड, जास्त दूध.' मी कागद पुढे केला. त्याने घडी करून न वाचताच खिशात घातला.

"वाचा ना."

"काय वाचायचं? करीमभाईंचा हात सोन्याचा हाय, हे आमास्नी ठावं न्हाय व्हय? त्ये आल्ते की."

"कधी?"

"नोकरी सुटली त्या सोमवारी. समद्या काट्यांवर जाऊन आले, गाडीवर. म्हनले, दत्तोबा, गुरवारी लाइट आली तरी दहा मिन्टं मशीनला हात लावू नगं. टिकली म्हंजी मग लाव. तवापासनं थांबतोय बगा आमी. येक बी कार्ड मेलं न्हाय."

मी विचारलं, "का सांगितलं, ते बोलले?"

दत्तोबा हसला. "म्हनले, हापिसात येक पोरगी हाय. लई हुशार हाय, पन लाइटचं तिला ठावं न्हाय."

मी काट्याच्या कठड्यावर बसले. पाच एप्रिलला याच डायरीत मी लिहिलं आहे की चाचा गेल्यावर शून्य, आणि आकडे खोटं बोलत नाहीत. ते शून्य चाचांनी, नोकरी गेल्यावर, एम-एटीवर अकरा काटे फिरून आणलं होतं. आणि आम्ही ते त्यांच्याच विरुद्धचा पुरावा म्हणून वापरलं.

"आता बी जात्यात," दत्तोबा म्हणाला. "दर गुरवारी मार्केट यार्डात. तिथला आपरेटर आयकत न्हाय, आडते घाई करत्यात. म्हून सोता उभं ऱ्हात्यात."

गुरुवार, २५ एप्रिल

मार्केट यार्ड घरापासून चालत वीस मिनिटं. अकरावा कागद पिशवीत होता. साडेबाराला पोहोचले. लाइट नव्हती. कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती, हमाल सावली धरून बसले होते.

काट्याच्या पत्र्याच्या खोलीत चाचा मेन स्विचखाली उभे होते. एक हात स्विचवर, दुसऱ्या हातात मनगटावरून काढलेलं घड्याळ. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. रंगराव आडत्या दारातून ओरडत होता, "ओ करीमभाई, तुमची नोकरी गेली, आता आमचा धंदा घालवा!" चाचा लक्ष देत नव्हते.

मी त्यांना सांगायला गेले होते की आता याची गरज नाही. ड्रायव्हर आता आपणच थांबतो, तुम्ही घरी सावलीत बसा. वाटेत वाक्य नीट जुळवलंही होतं. आणि दारात पोहोचल्यावर मला आठवलं की हेच वाक्य मी नऊ फेब्रुवारीला त्यांना सांगितलं होतं. आराम करा.

लाइट आली. समोरच्या दुकानातला पंखा फिरला. ऑपरेटर उठला. चाचांनी हात काढला नाही. पंखा थांबला, पुन्हा फिरला, थांबला, फिरला. आडत्याने कपाळावर हात मारून घेतला.

मी जाऊन चाचांच्या शेजारी, स्विचच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे.

"अजून सात मिनिटं," म्हणाले.

मला जे सांगायचं होतं ते मी आज सांगितलं नाही. सात मिनिटं आम्ही दोघं तिथे उभे होतो.